तिसऱ्या माणसाचा काळ

काळप्रवासाच्या रहस्यकादंबरीविषयी वाचकांच्या दोन ठरलेल्या तक्रारी असतात. रहस्य छान रंगत होते, पण मध्येच प्रेमप्रकरण उपटले आणि कथानकाची गती गेली, ही पहिली. दुसरी नेमकी उलट : प्रेमकथा हृद्य होती, पण भोवतालची माणसे निव्वळ कामापुरती आणून उभी केलेली होती. दोन्हींवर सुचवला जाणारा उपाय मात्र एकच असतो, आणि तो म्हणजे समतोल. प्रेमाला इतकी प्रकरणे, तपासाला इतकी, उरलीसुरली दुय्यम पात्रांना. जणू कादंबरी लिहिणे म्हणजे भावाभावांत वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करणे.

हा उपाय मला पटत नाही, कारण त्यात मोजण्याचे माप चुकले आहे. प्रेमकथा आणि दुय्यम पात्रे एकाच जागेसाठी भांडणारे दोन हिस्सेदार आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. माझे म्हणणे असे की, या प्रकारच्या कादंबरीत प्रेमाला जे काही वजन येते ते दुय्यम पात्रांकडूनच येते. त्या पात्रांना स्वतःचा काळ असेल, तर प्रेमिकांनी काय मिळवले आणि त्यासाठी कोणी काय गमावले, हे वाचकाला कळते. तो नसेल, तर प्रेमकथा चार पानांची असो वा चारशे, ती अधांतरीच राहते. जॅक फिनी, स्टीफन किंग, कॉनी विलिस आणि ऑक्टेव्हिया बटलर यांच्या प्रत्येकी एका कादंबरीच्या आधारे हा मुद्दा मांडतो. रहस्यभेद केल्याशिवाय हे विवेचन शक्य नाही. ज्यांना ही पुस्तके कोऱ्या मनाने वाचायची असतील, त्यांनी ती आधी वाचावीत आणि मग इकडे यावे.

रहस्यकथा आणि प्रेम यांचे वैर जुने आहे. अमेरिकन रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन याने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम प्रसिद्ध केले आणि त्यांतल्या तिसऱ्याच नियमाने प्रेमप्रकरणाला हद्दपार केले. त्याच वर्षी डोरोथी सेयर्स यांनी एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत साधारण हाच सूर लावला होता. गंमत अशी की, दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, त्यांनी आपल्या लॉर्ड पीटरला हॅरिएट व्हेनच्या प्रेमात पाडले; आणि १९३७ च्या ‘बसमन्स हनिमून’च्या उपशीर्षकात तर कादंबरीला प्रेमकथा म्हणून तपासाला तिच्यातला व्यत्यय ठरवले. मधल्या ‘गॉडी नाइट’मध्ये (१९३५) त्यांनी जे केले ते आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ऑक्सफर्डच्या एका कल्पित महिला महाविद्यालयात घडणाऱ्या या कादंबरीत विदुषींमागून विदुषींवर संशय घेतला जातो, आणि गुन्हेगार निघते खोल्या आवरणारी नोकर बाई. एका विदुषीने पाळलेल्या बौद्धिक प्रामाणिकपणामुळे तिच्या नवऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त झालेले असते. बुद्धी मोठी की माणूस, हा जो प्रश्न हॅरिएट आणि पीटर यांच्या नात्यात घोळत असतो, तोच ही बाई संतापून सगळ्यांच्या तोंडावर फेकते. दुय्यम पात्र येथे प्रेमकथेच्या आड येत नाही. उलट प्रेमकथेतला प्रश्न किती खरा आहे, याचा पुरावाच ते देते.

काळप्रवासाच्या कादंबरीत व्हॅन डाइनचा नियम पाळणे आणखी अवघड आहे. साध्या रहस्यकथेत गुप्तहेर बाहेरून येतो, कोडे सोडवतो आणि निघून जातो. तो निघून जाणार, याचे आपल्याला काही वाटत नाही. काळप्रवासीही बाहेरूनच आलेला असतो. पण त्याचे निघून जाणे हाच कादंबरीतला मुख्य पेच असतो. राहायचे की परतायचे, या प्रश्नाला धार आणायची, तर तेथे त्याचे कोणीतरी असावे लागते. त्यामुळे प्रेम हे येथे आगंतुक नाही. ते या प्रकाराच्या रचनेतच आहे.

धोकाही येथेच आहे. काळप्रवाशाला पुढचे ठाऊक असते. ज्या गर्दीतून तो चालतो, ती त्याच्या लेखी कधीच मरून गेलेली माणसे असतात. जुन्या छायाचित्राकडे पाहावे तसे तो त्यांच्याकडे पाहतो. मग त्या गर्दीतली एक व्यक्ती त्याला आवडते आणि तेवढी एकच जिवंत होते. बाकीचे छायाचित्रातच राहतात. एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) प्रवासी भूतकाळात न जाता दूरच्या भविष्यात जातो, पण दृष्टी हीच. एलॉय लोकांपैकी वीना या एकीलाच नाव आहे. ती हरवते, त्याचे दुःख एकट्या प्रवाशाला होते. तिच्या माणसांत कोणी तिच्यासाठी रडले का, हे आपल्याला कळत नाही. तो प्रश्नही आपल्या मनात येत नाही, कारण तिचे म्हणावे असे कोणी आपल्याला भेटलेलेच नसते. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी या कथाप्रकाराचा हा वारसा पुरता संपलेला नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला समतोलाचा विषय निघाला की अंगी रस आणि अंगभूत रस आठवतात. प्रबंधात रस अनेक असले तरी एक अंगी असावा आणि इतरांनी त्याला पोषक व्हावे, हा आनंदवर्धनाचा विचार आपण शिकतो आणि शिकवतो. तो विचार योग्यच आहे. परंतु अंगांगिभाव हा रसांमधला आहे, माणसांमधला नव्हे. शृंगार अंगी असला, म्हणून प्रेमिकांखेरीज बाकीच्यांचे जगणे दुय्यम ठरत नाही. याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी एक कोळी येतो. राजमुद्रा असलेली अंगठी त्याच्यापाशी सापडली म्हणून शिपायांनी त्याला बांधून आणलेले असते. त्याच्या धंद्याची हेटाळणी होते, तेव्हा तो आपल्या पिढीजात कामाची बाजू मांडतो. अंगठी राजाकडे पोचते, कोळ्याला बक्षीस मिळते, त्यातले अर्धे तो शिपायांना देऊ करतो आणि मारायला उठलेले शिपाई त्याच्याशी दोस्ती करून मद्याच्या दुकानाकडे निघतात. दुष्यंताची गेलेली स्मृती या माणसामुळे परत येते. कथानकाला त्याच्याकडून हवी होती फक्त अंगठी. कालिदासाने मात्र त्याला व्यवसाय दिला, भीती दिली, अब्रू दिली आणि संध्याकाळी जायला ठिकाणही दिले. राजाच्या प्रेमात काय चालले आहे, याचा त्याला पत्ताही नाही. त्याला स्वतःचा काळ आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

हे माप हाती घेऊन जॅक फिनीच्या ‘टाइम अँड अगेन’कडे (१९७०) जाऊ. न्यू यॉर्कमधला जाहिरात-चित्रकार सायमन मॉर्ली एका गुप्त सरकारी प्रकल्पात सामील होतो आणि १८८२ सालच्या हिवाळ्यात पोचतो. यंत्र नाही, गुहा नाही. डकोटा या जुन्या इमारतीत त्या काळासारखे राहून, त्या काळाचे कपडे घालून, आत्मसंमोहनाने तो मागे जातो. त्याला पाहायचे असते एक पत्र टाकणारा माणूस. ते पत्र केट मंकुसो या त्याच्या मैत्रिणीकडे वारशाने आलेले आहे आणि तिच्या पालनकर्त्या घराण्यातल्या एका पुरुषाच्या आत्महत्येशी जोडलेले आहे. म्हणजे रहस्य केटचे आहे. एकदा तर ती सायमनबरोबर १८८२ मध्ये जाऊनही येते. परंतु ग्रॅमर्सी पार्कजवळच्या खानावळवजा घरात सायमनला ज्युलिया भेटते आणि तेथून केट कादंबरीतून विरघळत जाते. तिला कोणी दुखावत नाही, तिच्याशी कोणी भांडत नाही. तिचे काम झालेले असते, एवढेच. जिच्या घरातल्या दुःखातून रहस्य सुरू झाले, तिला त्याचा उलगडा ऐकून काय वाटले, हे सांगायला फिनीपाशी फारशी सवड नाही.

येथे कोणी म्हणेल की, फिनीचे खरे प्रेम न्यू यॉर्कवर आहे आणि पात्रे त्याच्या शहराची शोभा वाढवण्यापुरती आहेत. हे बऱ्याच अंशी खरे आहे. मॅडिसन स्क्वेअरमध्ये उभा असलेला स्वातंत्र्यदेवतेचा सुटा हात, रस्त्यावरचे बर्फ, ३१ जानेवारी १८८२ रोजी ‘वर्ल्ड’ वृत्तपत्राच्या जुन्या इमारतीला लागलेली आग, हे सारे तो अशा तपशिलाने उभे करतो की, वाचक कोडे विसरून नुसता हिंडत राहतो. त्या आगीचे वर्णन आणि तिच्यात दडलेली रहस्याची किल्ली, दोन्ही उत्तम आहेत. पण कादंबरीचा शेवट पाहा. प्रकल्पाचे संस्थापक डॉ. डँझिगर भूतकाळात ढवळाढवळ करण्याच्या विरोधात असतात आणि त्यापायी त्यांना बाजूला व्हावे लागते. प्रकल्प थांबवण्याचा एकच मार्ग सायमनपुढे उरतो. डँझिगरांचे आईवडील ज्या क्षणी पहिल्यांदा भेटणार, त्या क्षणी तो मध्ये उभा राहतो. ती भेट होत नाही. डँझिगर जन्मालाच येत नाहीत. सायमन ज्युलियाकडे चालू लागतो.

हा शेवट चतुर आहे, यात शंका नाही. पण तो वाचताना मला दर वेळी खटकते ती त्याची सहजता. एका जोडप्याला एकत्र राहता यावे म्हणून दुसरे एक जोडपे भेटूच दिले गेले नाही. एका प्रेमकथेने दुसरी प्रेमकथा पुसली, आणि एक सज्जन म्हातारा नाहीसा झाला. कादंबरीतला हा सर्वांत भयंकर प्रसंग. पण त्याचे भय आपल्याला जाणवत नाही, कारण डँझिगर हे आपल्यासाठी एका भूमिकेचे प्रवक्ते आहेत. आपल्या आईवडिलांच्या पहिल्या भेटीची गोष्ट त्यांनी सायमनला सांगितलेली असते. तो मुलगा म्हणून सांगितलेला जिव्हाळ्याचा प्रसंग. कादंबरीने त्याचा उपयोग केला तो पत्ता म्हणून. सायमन-ज्युलियाच्या प्रेमाला पाने कमी पडली नाहीत आणि दुय्यम पात्रांनाही पडली नाहीत. कमी पडली ती त्या एका क्षणाची जाणीव.

स्टीफन किंगची ‘११/२२/६३’ (२०११) या बाबतीत फार वेगळी आहे. मेन राज्यातल्या एका खाणावळीच्या कोठीतून थेट सप्टेंबर १९५८ मध्ये उतरणारा जिना आहे. इंग्रजीचा शिक्षक जेक एपिंग त्यातून जातो तो केनेडींची हत्या टाळण्यासाठी. पण त्याआधी ओस्वाल्डने हे एकट्याने केले की त्याच्यामागे कोणी होते, याची खात्री व्हायला हवी. म्हणून पाच वर्षे थांबायचे, पाळत ठेवायची आणि १० एप्रिल १९६३ च्या रात्री जनरल वॉकर यांच्यावर गोळी झाडणारा एकटाच होता का, ते पाहायचे. तपासाचा आराखडा असा काटेकोर आहे. या पाच वर्षांत पोट भरायला म्हणून जेक टेक्सासमधल्या जोडी नावाच्या कल्पित गावात शिक्षकाची नोकरी धरतो आणि तेथे शाळेची ग्रंथपाल सेडी डनहिल त्याला भेटते.

आठशेंहून अधिक पानांच्या या पुस्तकात जोडीचा भाग लांबला, अशी तक्रार मी अनेकदा वाचली आहे. केनेडी कोठे, ओस्वाल्ड कोठे, आणि हा मनुष्य मुलांची नाटके काय बसवतो आहे! मला मात्र कादंबरीचा कणा तेथेच दिसतो. डीक सिमन्स हे मुख्याध्यापक, मिमी कॉर्कोरन या आधीच्या ग्रंथपाल, फुटबॉल खेळणारा आणि रंगमंचावर अचानक उमलणारा माइक कोस्लॉ, अपघातात चेहरा विद्रूप झालेली बॉबी जिल, यांपैकी कोणालाही जेक कोण आहे हे माहीत नाही आणि केनेडींच्या हत्येशी कोणाचाही संबंध नाही. डीक आणि मिमी उतारवयात लग्न करतात, मिमी मरते, डीक एकटा पडतो. हे सगळे जेक नसता तरी घडले असते. त्यामुळेच सेडीला एक गाव मिळते, आणि जेक जिच्या प्रेमात पडतो ती स्त्री केवळ त्याच्यासाठी निर्माण केलेली वाटत नाही.

किंगचे कौशल्य एका जागी स्वच्छ दिसते. ज्या रात्री वॉकरवर पाळत ठेवायची, नेमक्या त्याच दिवशी सेडीचा विक्षिप्त नवरा तिच्या घरात शिरून तिला ओलीस धरतो. जेकला निवड करावी लागते. तो जोडीला धावतो आणि ज्या प्रश्नासाठी पाच वर्षे घालवली, त्याचे उत्तर हातचे जाते. रहस्य आणि प्रेम येथे एकमेकांवर आदळतात. आणि त्या क्षणी दारात उभा असतो तो डीक, हातात शिजवलेल्या पदार्थाचे भांडे घेऊन. शेजाऱ्याने आजारी माणसाकडे डबा घेऊन जावे, इतकी साधी कृती. ती कृती त्या गावाची आहे, हे आपण तोवर शेकडो पाने पाहिलेले असते, म्हणून ती हल्लेखोराला फसवते आणि आपल्याला पटते. डीक केवळ या प्रसंगासाठी आणला असता, तर हाच प्रसंग हास्यास्पद झाला असता. पुढे सेडीच्या चेहऱ्यावरील उपचारांसाठी गाव कार्यक्रम करून पैसे उभे करते, तेव्हाही असेच होते. प्रेमाचा भार एकट्या जेकने उचललेला नाही.

म्हणूनच शेवटची निवड आपल्याला हलवते. या जिन्याचा नियम असा की, पुन्हा खाली उतरले की आधी केलेले सगळे पुसले जाते. केनेडी वाचतात, सेडी मरते, आणि जेक परततो तेव्हा जग उद्ध्वस्त झालेले असते. त्या जगाची हकिकत त्याला कोण सांगतो? हॅरी डनिंग. शाळेचा शिपाई, ज्याच्या लहानपणच्या घरातला हत्याकांडाचा प्रसंग टाळण्यापासून जेकच्या प्रयत्नांना सुरुवात झाली, तोच चाकाच्या खुर्चीत बसलेला. ज्याच्यावर उपकार केले असे वाटत होते, तोच त्या उपकाराचा हिशेब समोर ठेवतो. जेक पुन्हा सेडीकडे जाऊ शकतो, तिला वाचवू शकतो. पण तो जात नाही. जग वाचवायचे म्हणून प्रेम सोडले, असे हे विधान कोरडे लिहिता आले असते. येथे जग म्हणजे हॅरी, डीक, माइक. जेकने बसवलेले नाटक आता कधी झालेलेच नाही; माइकला ते टाळ्यांचे क्षण कधी मिळालेच नाहीत. ही किंमतही त्या त्यागात आहे, आणि वाचक ती मोजू शकतो.

याच कादंबरीत एक प्रसंग असा आहे की, तो या सुखी गावावर सावली टाकतो. दक्षिणेकडे जाताना जेकला एका पेट्रोलपंपावर कृष्णवर्णीयांच्या शौचालयाकडे नेणारी पाटी दिसते. वाट झुडपांतून जाते आणि संपते ती ओढ्यावर टाकलेल्या एका फळीशी. किंगने हे लिहिले, हे त्याचे श्रेय. पण त्या फळीवर ज्यांना बसावे लागते, त्यांच्यापैकी कोणाचेही आयुष्य जोडीतल्या डीक-मिमीसारखे भरभरून आपल्यापुढे येत नाही. तिसऱ्या माणसाला काळ देणाऱ्या लेखकालाही प्रत्येक तिसरा माणूस दिसतोच असे नाही.

न दिसणे हाच ज्या कादंबरीचा विषय आहे, ती म्हणजे कॉनी विलिस यांची ‘टु से नथिंग ऑफ द डॉग’ (१९९७). हा प्रकार विनोदी. २०५७ सालचे ऑक्सफर्डचे इतिहास-संशोधक. १९४० च्या बाँबवर्षावात नष्ट झालेले कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल पुन्हा उभारण्याचा एका धनाढ्य बाईचा ध्यास. आणि त्यापायी थकून विश्रांतीसाठी १८८८ मध्ये पाठवलेला नेड हेन्री. तेथे त्याला व्हेरिटी ही सहकारी भेटते. दोघांच्या हातून इतिहासात काहीतरी गडबड झालेली असते आणि ती निस्तरायची, तर टॉसी नावाच्या एका लाडावलेल्या मुलीचे योग्य माणसाशी लग्न लावायला हवे. त्याचे नाव ‘सी’ या अक्षराने सुरू होते, एवढाच पुरावा.

या कादंबरीत प्रेमाची व्यवस्था फार शहाणपणाने केली आहे. नेड आणि व्हेरिटी एकमेकांत गुंततात ते इतरांची लग्ने जुळवता जुळवता. त्यांचे प्रेम आणि त्यांचे काम एकच असल्यामुळे पानांची वाटणी करण्याचा प्रश्नच उरत नाही. रहस्याचे उत्तरही तसेच. ‘सी’ अक्षराच्या शोधात हे दोघे घरी येणारा-जाणारा प्रत्येक सभ्य गृहस्थ तपासतात. उत्तर असते बेन, घरचा बटलर. जो पहिल्यापासून चहा आणतो आहे, मांजर शोधतो आहे, फावल्या वेळात गंभीर पुस्तके वाचतो आहे. त्याचे खरे आडनाव वेगळे आहे. नोकरांची नावे मालकांनी सोयीने बदलायची, ही त्या काळची रीत, त्यामुळे ते कोणाला ठाऊकच नसते. बटलरच गुन्हेगार, हा रहस्यकथेतला जुना विनोद विलिस यांनी उलटा करून वापरला आहे. वाचक हसतो आणि हसताहसता ओशाळतो, कारण ज्या डोळ्यांनी व्हिक्टोरियन मालकीण बेनकडे पाहत नव्हती, त्याच डोळ्यांनी आपणही पुस्तक वाचत होतो. दुय्यम पात्रांकडे दुर्लक्ष करण्याची आपली सवय हेच येथे कुलूप आहे. हे काळप्रवासाच्या रहस्यकादंबरीतच अधिक खुलते, कारण नेड आणि व्हेरिटी इतिहासाचे अभ्यासक आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनीही नोकराला मोजले नाही.

या सगळ्याची कठोर परीक्षा पाहायची असेल, तर ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘किंड्रेड’ (१९७९) वाचायला हवी. ती रूढ अर्थाने रहस्यकादंबरी नाही. पण आपल्याला भूतकाळात कोण आणि का ओढते आहे, या कोड्यावरच ती सुरू होते. १९७६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ राहणारी कृष्णवर्णीय लेखिका डेना एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. रूफस हा गोऱ्या मळेवाल्याचा मुलगा जेव्हा जेव्हा मरणाच्या दारात असतो, तेव्हा तेव्हा ती तेथे पोचते. कोडे लवकरच उलगडते. रूफस तिचा पूर्वज आहे. त्याला आणि ॲलिस या स्त्रीला हेगर ही मुलगी होईपर्यंत त्याला जिवंत ठेवणे डेनाला भाग आहे; नाहीतर ती स्वतःच जन्माला येणार नाही.

रूफसला ॲलिसविषयी जे वाटते त्याला तो प्रेम म्हणतो. ॲलिस जन्माने स्वतंत्र. गुलाम नवऱ्याला पळून जायला मदत केली म्हणून तिला गुलाम केले गेले आहे. तिने स्वतःहून यावे, नाहीतर मारहाण होईल, हा निरोप रूफस डेनाच्या तोंडून पाठवतो. आणि डेना तो निरोप पोचवते. येथे मघाचा सायमन मॉर्ली आठवावा. त्याने एक भेट होऊ दिली नाही आणि शांतपणे निघून गेला. डेनाला एक संबंध घडू द्यावा लागतो आणि तो जिच्या शरीरावर घडतो ती तिच्यासमोर बसलेली आहे, तिच्याशी भांडते आहे, तिला टोमणे मारते आहे. ॲलिस दुय्यम पात्र आहे, पण तिचा राग दुय्यम नाही. तीन मुले विकली गेल्यावरही स्वयंपाकघर सांभाळणारी सारा आणि तिची मुकी मुलगी कॅरी, यांनाही बटलर आपापले शहाणपण देतात. डेना आणि तिचा गोरा नवरा केव्हिन यांचे प्रेम खरे आहे, पण मळ्यावरच्या या बायका समोर असताना त्या प्रेमालाही आपले निष्पापपण गृहीत धरता येत नाही. शेवटी ॲलिस गळफास घेते आणि डेना एक हात गमावून परतते. नंतर ती आणि केव्हिन मेरीलँडला जाऊन जुनी कागदपत्रे चाळतात. त्यांना शोध हवा असतो तो त्या बाकीच्यांचा. त्यांच्यापैकी कितीकांची नोंद उरलेली असते ती विक्रीच्या यादीत.

यावर एक रास्त आक्षेप येईल. प्रत्येक पात्राला इतके जगणे द्यायचे, तर रहस्यकथेचा वेग राहील कसा? शिवाय प्रेम नसलेल्या उत्तम काळकथा आहेतच की. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांपैकी एक. पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर, या प्रश्नावर उभ्या असलेल्या त्या कथेत प्रेमप्रकरण नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. तेथे नायकाची ओढ इतिहासाकडे आहे. कथेच्या आटोपशीर अवकाशात ती पुरते. कादंबरीचे तसे नाही. माणूस वर्षानुवर्षे परक्या काळात राहणार असेल, तर त्याला शेजारी असणारच, आणि शेजारी असले की जबाबदारी आलीच.

वेगाच्या आक्षेपाचे उत्तर कोळ्याच्या प्रवेशातच आहे. तो प्रवेश मोजक्या संवादांत संपतो. स्वतःचा काळ द्यायला पाने लागत नाहीत. लागते ती लेखकाची एक खात्री की, नायक खोलीत नसतानाही हा माणूस काहीतरी करत असतो. अशी कादंबरी तपासताना मी तीन प्रश्न विचारतो. प्रवासी आलाच नसता, तर या माणसाचे आयुष्य कोणत्या दिशेने गेले असते, हे मला सांगता येते का? प्रवाशाला ठाऊक नसलेले असे काही याला ठाऊक आहे का? आणि प्रेमिकांच्या शेवटच्या निर्णयाची झळ याला लागते, तेव्हा लेखक तिकडे पाहतो की मान फिरवतो? केट आणि डँझिगर तिसऱ्या प्रश्नाशी अडखळतात. डीक, बेन आणि ॲलिस अडखळत नाहीत.

आपल्या प्रश्नपत्रिकांत ‘दुय्यम व्यक्तिरेखांचे स्थान स्पष्ट करा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे येतो, आणि त्या नायकाच्या व्यक्तिमत्त्वाला उठाव देतात, हे त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. ॲलिसबद्दल असे उत्तर लिहून पाहावे. ती डेनाच्या व्यक्तिमत्त्वाला उठाव देते, हे वाक्य कागदावर उतरवताना ज्या विद्यार्थ्याचा हात थबकेल, त्याला कादंबरी समजली असे मी म्हणेन आणि पुढची उत्तरपत्रिका कोरी असली तरी गुण देईन.